बावीस इंचांचं फाटक

फाटकाच्या आतली जागा बावीस इंच होती आणि बाबांची खुर्ची अठ्ठावीस. ही दोन्ही मापं मी स्वतः टेप लावून घेतली आहेत, तीन वेळा. लोक सांगतात, झालं गेलं, विसर आता. सहा इंच कसे विसरायचे ते मात्र कुणी सांगत नाही.

आधी खुर्चीबद्दल. बाबा कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. मी नववीत असताना साखळीवर उचललेली एक डाय, पत्रा दाबायचा जड लोखंडी साचा, निसटली आणि त्यांच्या पायांवर आली. उजवा पाय गुडघ्याखाली कापला. डावा राहिला, पण नुसता राहिला. कंपनीने त्यांना कामावरून काढलं नाही, हे लोक आम्हाला इतक्यांदा ऐकवत की जणू डाय आम्हीच पाडली होती आणि कंपनीने मोठ्या मनाने ते पोटात घातलं. बाबांना इन्स्पेक्शनच्या टेबलावर बसवलं. तयार झालेला भाग समोर यायचा, बाबा तो ड्रॉइंगशी ताडून बघायचे आणि मापात असला की त्यावर पंचाने सातचा आकडा ठोकायचे. सात हा त्यांचा नंबर. त्या टेबलावर त्यांचा एकच नियम होता आणि तो ते मला गणितं घालतानाही सांगायचे: "ड्रॉइंगपेक्षा शहाणं व्हायचं नाही."

खुर्ची चाचांनी बनवली. चाचा टूलरूममधले वेल्डर, आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहणारे. हॉस्पिटलची खुर्ची अरुंद होती, दुसऱ्याने ढकलायची. बाबांना स्वतःच्या हातांनी चाकं फिरवायची होती आणि त्यांचे खांदे रुंद. चाचांनी जेवणाच्या सुट्टीत पाइपचे तुकडे जोडून ऐसपैस खुर्ची केली. मागे सायकलची चाकं, पुढे ट्रॉलीची लहान चाकं, हाताशी ब्रेक. कंपनीतून वस्तू बाहेर न्यायची तर गेटपास लागतो. चाचांनी बाबांना खुर्चीत बसवलं आणि सरळ गेटवर आणलं.

"पास?" पहारेकऱ्याने विचारलं.

"माणूस बसलाय त्याच्यावर. आता काय माणसाचा पास काढू?" चाचा म्हणाले आणि खुर्ची बाहेर आली.

आता त्या जागेबद्दल. थेरगावच्या पुढे नदी वळते तिथे जुन्या वीटभट्ट्यांनी माती काढून काढून मोठे खड्डे केले होते. त्यांत वर्षभर पाणी. चहूकडे पाणकणीस आणि लव्हाळं, कडेला चिखल, चिखलात बगळे. ती जमीन कंपनीकडे आली होती. कंपनीचे मोठे साहेब परदेशात जाऊन आले आणि तिथे त्यांनी दलदलीतून नेलेली एक सपाट वाट पाहिली, जिच्यावरून चाकाच्या खुर्च्या, म्हातारी माणसं, पोलिओ झालेली मुलं सगळी पाण्यापर्यंत जातात. आपल्याकडेही हवी, असं त्यांना वाटलं. हे त्यांना खरंच वाटलं असणार. त्यांच्यावर माझा राग नाही, किंवा निदान कमी आहे.

वाट छान झाली. एकही पायरी नाही, चढ जाणवू नये इतका हलका. पाणकणसांच्या मधून फळ्यांचा पूल आणि शेवटी पाण्यावर पुढे आलेला लाकडी ओटा. तोंडाशी पाटी लागली, 'निसर्ग उद्यान. सर्वांसाठी खुले.'

उद्घाटनाला फीत कापायला बाबांची खुर्ची पुढे ठेवली आणि इंग्रजीत आभार मानायला मला उभं केलं. मी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते. बाबांनी ओव्हरटाइम करून मला मिशनच्या इंग्रजी शाळेत शिकवलं होतं. क्वार्टर्समध्ये तशी शिकलेली मी एकटीच. आई म्हणायची, "इंग्रजी शाळेत घातली बोलायला यावं म्हणून, आणि ही दारात पाहुणा आला की मोरीत जाऊन बसते." ते खरंच होतं. पण कागदावरचं वाचायला मला जमायचं. मी वाचलं. कृतज्ञता हा शब्द त्या भाषणात चार वेळा होता. मीच लिहिला होता.

त्यानंतर दर रविवारी आम्ही जायचो. क्वार्टर्सपासून खुर्चीने अर्धा पाऊण तास लागायचा. रस्त्यावर मी ढकलायची, पण सिमेंटची वाट सुरू झाली की बाबा म्हणायचे, "सोड." मी सोडायची. ते स्वतः चाकं फिरवत फळ्यांच्या पुलावर जायचे, फळ्या ठकठक वाजायच्या, आणि ओट्यावर पोचले की ब्रेक लावायचे. मी मागे कठड्याला टेकून पुस्तक उघडायची. वाचायची नाही. त्यांच्याकडे बघायची.

आमच्या घरी बाबा कशाकडे तरी बघत बसलेत असं कधी झालं नव्हतं. इथे ते तास तास बघत. खंड्या कुठल्या काठीवर बसतो, शेकाट्या लांब लाल पायांनी चिखल कसा चाचपतो. "याला बघ, याचे पाय. माझे सगळे यालाच दिले," ते एकदा म्हणाले. पाय गेल्यापासून त्यांनी पायांवर केलेला तो पहिला विनोद. मला हसू की नको ते कळेना. मग तेच हसले.

एका रविवारी ते पाण्याकडे बघत म्हणाले, "इथं कुणाला विचारावं लागत नाही."

मला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. बाबांच्या गावात, मराठवाड्यात, तळं होतं. आमच्या लोकांनी त्या तळ्याच्या काठाला जायचं नाही, खाली वाहून येईल त्या ओघळावर भरायचं. एवढंच मला आईकडून माहीत होतं. बाबा स्वतः त्यावर कधी बोलले नव्हते. त्या दिवशीही त्यापुढे बोलले नाहीत.

पावसाळ्यात जांभळ्या पाणकोंबडीने ओट्यापासून वीस हातांवर, लव्हाळ्यात घरटं केलं. अंडी दिसायची नाहीत, पण ती बसलेली दिसायची, लाल कपाळ वर काढून. बाबा दिवस मोजत होते. "पुढच्या रविवारी पिलं," ते म्हणाले. कंपनीतही त्यांनी चाचांना सांगितलं, चाचांनी अख्ख्या टूलरूमला सांगितलं. लोक विचारायचे, "काय भाऊ, बाळंतीण कशी आहे?"

पुढच्या रविवारी आम्ही गेलो तर वाटेच्या तोंडाशी फाटक होतं.

तसलं फाटक मी आधी पाहिलं नव्हतं. लोखंडी पाइपचा अर्धगोल पिंजरा आणि त्यात झुलणारी एक झडप. माणसाने पिंजऱ्यात शिरायचं, बाजूला अंग चोरायचं, झडप ओढायची आणि पलीकडे निघायचं. दोन पायांच्या माणसाला सोपं आहे. चार पायांच्या म्हशीला जमत नाही, आणि चार चाकांच्या खुर्चीलाही.

तिथे पहारा होता तो थेरगावच्याच एका म्हाताऱ्याचा. ती जमीन पूर्वी त्याच्या गावाचं गायरान होतं.

"हे काय बसवलं?" मी विचारलं. अनोळखी माणसाला मी आपण होऊन प्रश्न विचारला, यावरून माझी काय अवस्था होती ते कळावं.

"म्हसरं आत शिरत्यात, बाई. पूल तुडवला, फळी मोडली. साहेब वरडला. म्हनून बसवलं काल."

"म्हशी कशा येतात?"

"आता सर्वांसाठी म्हनून पाटीवर लिवलंय. वाचलं आसंल त्यांनी." तो हसला. मग त्याची नजर खुर्चीवर गेली आणि हसू थांबलं. "आयला," तो हळूच म्हणाला. "ह्यांचं कसं व्हनार?"

 बाबांनी खुर्ची फाटकाला भिडवली, हात पुढे करून पाइपवरून फिरवला, जोडाच्या जागी थांबवला. सगळ्या भागांवरून ते तसाच हात फिरवायचे. मग हात मागे घेतला.

"आमी उचलतो की," म्हातारा म्हणाला. "दोघं तिघं बोलवतो. खुर्चीसकट पल्याड ठेवतो."

"नको," बाबा म्हणाले. "चल, घरी जाऊ."

उचललं जाणं त्यांना सहन व्हायचं नाही. हॉस्पिटलात दोन महिने त्यांना उचलूनच सगळीकडे नेलं होतं. पिलांचं काय झालं ते आम्हाला कळलं नाही. सोमवारी टूलरूममध्ये कुणी बाळंतिणीबद्दल विचारलं तेव्हा बाबांनी "माहीत नाही" एवढंच सांगितलं, असं चाचा आईला म्हणाले.

मी कंपनीच्या पर्सनल डिपार्टमेंटला पत्र लिहिलं. इंग्रजीत, कारण रागावायचं तर तीच भाषा मला साहेबांच्या बरोबरीची वाटायची. पाच वेळा खोडून लिहिलं आणि प्रत्येक वेळी राग थोडा थोडा गळत गेला. शेवटी उरलं ते इतकं सभ्य होतं की मलाच वाचवेना. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. मुद्द्याची नोंद घेतली आहे. फाटक उद्यानाच्या रक्षणासाठी आवश्यक आहे. खुर्चीवरील व्यक्तीसोबत आलेल्यांनी कृपया साहाय्याची व्यवस्था करावी. कृपया. माझ्या शाळेने हा शब्द मला वर्षानुवर्षं शिकवला होता आणि त्याचा अर्थ मला तेव्हा कळला: आवाज करू नका.

मग मी टेप घेऊन गेले. एकटी, सायकलवर. आधी खुर्चीचं माप घरी घेतलं होतं. फाटकाचं घेतलं, परत घेतलं. तिसऱ्यांदा घेताना झडपेच्या बिजागरीजवळ वाकले आणि पाइपच्या आतल्या अंगाला बारीक खूण दिसली. सात.

मी तिथेच चिखलात बसले.

म्हणजे हे फाटक आमच्याच टूलरूममध्ये झालं होतं. बाबांच्या टेबलावर आलं होतं. बाबांनीच ते पास केलं होतं. त्या दिवशी त्यांचा हात पाइपवर जोडाशी थांबला तो का, हे मला आत्ता कळलं.

संध्याकाळी मी चाचांच्या दारात गेले. ते अंगणात दाढी करत होते.

"चाचा, ते फाटक तुम्ही केलं?"

त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. वस्तरा खाली ठेवला.

"बेटी, तीन तुकडे आले. तीन वेगळी ड्रॉइंगं. दोन बाक दिलेले पाइप आणि एक झडप. वर नुसता नंबर. कुठे बसणार, कशासाठी, काही नाही. आपण विचारतो का? ड्रॉइंग आलं, जोडलं. भाईंनी तपासलं, शिक्का मारला, माल गेला. तिथे नेऊन मेंटेनन्सवाल्यांनी उभं केलं." गालावरचा साबण वाळत होता. "ज्या हातांनी खुर्ची केली त्याच हातांनी, या अल्ला. मी भाईंना म्हणालो, गॅस कटर घेऊन जातो रविवारी, दोन मिनिटांचं काम. ते काय म्हणाले ठाऊक आहे? हात लावायचा नाही. माल मापात आहे."

माल मापात आहे. हे वाक्य मी घरी घेऊन आले आणि जेवताना ते माझ्या तोंडातून बाहेर पडलं.

"मापात होतं ना ते फाटक, बाबा?"

आईचा हात थांबला. बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "अर्ध्या सुताचाही फरक नव्हता."

"मग चूक कुणाची?"

"मी शिक्का मारला."

"ड्रॉइंग तुम्ही काढलं नव्हतं."

"ड्रॉइंग हापिसाचं. आपलं काम..."

"मग लाज तुम्हाला का वाटते? ज्याने खुर्चीच्या वाटेवर म्हशीचं फाटक काढलं त्याला वाटू दे!"

मी एवढ्या मोठ्याने कधी बोलले नव्हते. समोरच्या क्वार्टरमध्ये चाचांनी रेडिओ बारीक केला, ते ऐकू आलं. बाबांनी भाकरी मोडली पण खाल्ली नाही. मला त्यांचाही राग आला होता, हे इथे लिहून ठेवते. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची मापं बिनचूक घेतली त्याला आपल्यावर झालेला अन्याय मात्र स्वतःच्याच खात्यावर टाकावासा वाटतो, याचा राग.

त्यानंतर रविवार घरीच जाऊ लागले. बाबा गॅलरीत बसून समोरची भिंत बघायचे.

पुढच्या उन्हाळ्यात कंपनीतून निरोप आला. कंपनीच्या मासिकात उद्यानावर लेख येणार होता, त्यासाठी खुर्चीतल्या कामगाराचा पाण्याकाठी फोटो हवा. मला वाटलं बाबा नाही म्हणतील. त्यांनी स्वच्छ सदरा काढला.

"जायचंय?" मी विचारलं.

"पाणी बघायचंय," ते म्हणाले.

कंपनीच्या गाडीने आम्हाला नेलं. सोबत पर्सनल डिपार्टमेंटचे एक ऑफिसर आणि फोटोग्राफर. गाडी फाटकापाशी थांबलीच नाही. कुंपणाला वळसा घालून मागच्या बाजूला गेली. तिथे दोन झडपांचं मोठं दार होतं, गाळाची लॉरी आत यावी म्हणून ठेवलेलं. ऑफिसरांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडलं. आतून ती वाट सरळ सिमेंटच्या वाटेला मिळत होती.

नऊ महिने. नऊ महिने तिथे दार होतं. माझ्या पत्राला उत्तर लिहिताना त्याच माणसाच्या टेबलाच्या खणात ती किल्ली असणार.

 बाबांनी चाकांवर हात ठेवले आणि म्हणाले, "सोड." फळ्या ठकठक वाजल्या. ओट्यावर त्यांनी ब्रेक लावला. पाणी उन्हाळ्याने मागे हटलं होतं, चिखलात शेकाट्या फिरत होते. जुनं घरटं कुठे होतं ती जागा बाबा शोधत होते, फोटोग्राफर मात्र सारखा "इकडे बघा काका, हसा जरा" म्हणत होता. फोटो झाले. पंधरा मिनिटंही झाली नसतील.

ऑफिसर घड्याळ बघून माझ्याकडे वळले. ते आमच्याच बाजूचे, मराठी. माझ्याशी मात्र इंग्रजीत बोलले. "प्लीज टेल युवर फादर, वी हॅव टु लॉक अप."

बाबा आमच्यापासून जेमतेम दोन हात अंतरावर बसले होते.

उद्घाटनाच्या दिवशी मी हेच काम केलं होतं. बाबांचं म्हणणं साहेबांच्या भाषेत, मधले काटे काढून. माझी जीभ नेहमीसारखी टाळूला चिकटली. मग सुटली.

"त्यांना मराठी कळतं," मी म्हणाले. "तुम्हालाही येतं. तुम्हीच सांगा."

ऑफिसर लाल झाले. "अहो बाई, तसं नाही... काका, निघू या का? कुलूप लावायचंय."

"लावा की," बाबा म्हणाले. पाठ वळवली नाही. "मी आत आहे तोवर कुणाला बाहेर ठेवायचं ते ठेवा."

ऑफिसरांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे मी खुर्ची ढकलावी. मी हात मागे बांधले. चाचांचा ब्रेक पक्का होता. फोटोग्राफरने सिगारेट पेटवली. ऑफिसर गाडीत जाऊन बसले, परत आले, परत गेले. दुसऱ्या पाळीचा भोंगा झाला. लव्हाळ्यातून एक जांभळी पाणकोंबडी चालत बाहेर आली, लांब बोटं उचलत. तिच्या मागे काही नव्हतं. बाबा ती परत आत जाईपर्यंत बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच ब्रेक सोडला.

मासिकात फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'सर्वांसाठी खुले'. आईने तो फ्रेम करायचं म्हटलं. मी कात्रीच लपवून ठेवली.

फाटक अजून तिथेच आहे. फरक एवढाच की मी मागत राहिले म्हणून आता रविवारी मागच्या दाराची किल्ली मिळते. मी सायकलवर कंपनीच्या मुख्य गेटवर जाते, सुरक्षा ऑफिसात उभी राहते, रजिस्टरमध्ये सही करते. 'कारण' या रकान्यात मी मराठीत लिहिते, 'वडिलांना पाणी बघायचं आहे.' कधी तिथला माणूस लगेच देतो, कधी "आज साहेबांनी सांगितलं नाही" म्हणतो आणि मग मी हलत नाही. मला असं उभं राहणं आवडत नाही. पुढचा अख्खा दिवस मी त्या खोलीतली वाक्यं मनात घोळवते.

"मिळते ना किल्ली?" परवा पुलावर बाबा म्हणाले. "मग आता कशाला चिडतेस?"

"मागावी लागते," मी म्हणाले.

बाबांनी हातांतली चाकं थांबवली.  मग म्हणाले, "हो. मागावी लागते." आणि सोमवारी कामावर जाताना त्यांनी चाचांना हाक मारून एक कागद दाखवला. फाटकाचं नवं ड्रॉइंग त्यांनी रात्री स्वतः काढलं होतं, छत्तीस इंचांचं. कागदावर वरच्या कोपऱ्यात, जिथे नुसता नंबर घालायची पद्धत आहे तिथे, त्यांनी लिहिलं होतं, फाटक कुठे बसणार आणि कोण त्यातून जाणार. सोबतचा अर्ज टाइप करून मी ते ड्रॉइंग ऑफिसात दिलं आहे. अजून उत्तर नाही. या रविवारी किल्ली मागताना तेही विचारणार आहे.